जोडव्यांचं पान

आमच्या दुकानात बंदूक आली त्या दिवशी मी सकाळपासूनच चिडलेली होते. चिडायला मला फारसं कारण लागत नाही, हे अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीतलं कोणीही सांगेल. पण त्या दिवशी कारण होतं. पहाटेच्या नमाजानंतर अब्बा दुकानात जाऊन बसले होते आणि आतून धारेच्या दगडाचा आवाज येत होता. खर्र, मग जरा थांबून पुन्हा खर्र. त्यांच्या हाताला कापरं सुटल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. आता ते कोरायच्या कलमेला धार लावत होते, म्हणजे काम स्वतः करायचं त्यांनी मनात धरलं होतं, आणि मला कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

आमच्या घराण्याचं काम धातूवर कोरायचं. आजोबांनी चांदीच्या पानदानांवर वेली काढल्या. अब्बांनी अत्तरदाण्या, घड्याळांची झाकणं, काठ्यांच्या मुठी कोरल्या. मी स्टीलच्या डब्यांवर नावं टाकते, आणि तीही विजेच्या मशीननं. लग्नसराईत ती मशीन दिवसभर हातात गुणगुणत असते आणि ‘मामाकडून सप्रेम भेट’ लिहून लिहून माझं डोकं उठतं. नवरा गेल्यावर मी अमरावतीहून परत अब्बांकडे आले, तेव्हा दुकान तेच होतं, फक्त चांदी घेऊन येणारं गिऱ्हाईक आटलं होतं.

चांदीला हात लावायची मला मनाई होती असं नाही. अडचण माझ्या हाताची होती. मी डावखुरी. लहानपणी जेवताना डावा हात पुढे केला की अम्मी चमच्यानं मारायची. अब्बा मात्र म्हणायचे, जेवण उजव्या हातानं, काम अल्लानं दिलेल्या हातानं. मोठा उदार विचार, पण त्यांच्या कलमा काही त्यांच्याइतक्या उदार नव्हत्या. कलम म्हणजे बोटाएवढी पोलादी सळई, मागे तळहातात बसेल असं लाकडी बोंड, आणि पुढचं टोक एका बाजूला तिरकं घासलेलं. त्या तिरकेपणामुळेच चांदीत रेघ चकचकीत निघते. उजव्या हाताच्या कारागिराची कलम एका अंगाला तिरकी असते, डावखुऱ्याला बरोबर उलटी लागते. अब्बांची कलम मी चालवली तर ती एक तर चांदीत रुतेल नाहीतर सटकून भलतीकडे पळेल. म्हणून मी जुन्या कानशी तोडून माझ्यापुरत्या दोन-चार कलमा घासून घेतल्या होत्या. पोलाद हलकं, धार टिकायची नाही. पितळेच्या तुकड्यांवर मी त्या चालवायची आणि अब्बा लांबून बघायचे.

शिवाय आमच्याकडे एक रीत आहे. दुसऱ्याच्या कलमेला हात लावायचा नाही. कोणी कोणाच्या हातातून कलम घेत नाही, मागतही नाही. द्यायचीच असेल तर कलमवाला स्वतः ती खाली ठेवतो, बोंड समोरच्याकडे करून. मग ती उचलायची. अब्बांनी माझ्यापुढे अशी कलम कधीच ठेवलेली नव्हती, आणि ठेवली असती तरी ती माझ्या काय कामाची होती?

कापऱ्याचं निदान अमरावतीच्या डॉक्टरांनी केलं. हात मांडीवर असला की शांत असायचा. काही घ्यायला पुढे केला की थरथरायला लागायचा, आणि काम जितकं बारीक तितकं कापरं जास्त. गोळ्या चालू होत्या. डॉक्टर म्हणाले, कमी होईल, जाणार नाही. अब्बांनी हे ऐकून घेतलं आणि परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर घरात त्याबद्दल कधी बोलणं निघालं नाही.

आणि अशात ती बंदूक आली. पातूरकडचे एक माळी, अब्बांच्याच वयाचे, फुलं आणि भाजीपाला पिकवणारे. अब्बा त्यांना भाऊ म्हणायचे, मी काका. त्यांच्याकडे वडिलांपासूनची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून बारूद घालायची, लोखंडी गजानं ठासायची, मग उडवायची. परवाना पिकाच्या राखणीचा. काका छर्रा घालत नसत, रानडुकरं आणि रोही नुसत्या आवाजानंच पळायचे. बंदुकीच्या दस्त्यावर अब्बांनी तरुणपणी चांदीची वेल जडवली होती. लाकडात खाच पाडून तिच्यात चांदीचं पान ठोकून बसवायचं आणि मग त्यावर शिरा कोरायच्या, अशी ती सगळी पानं. त्यातलं एक पान निखळून शेतात कुठेतरी पडलं होतं.

आठवड्यापूर्वी काका नुसते बोलायला आले तेव्हा त्यांनी खिशातून एक पुडी काढली. आत बायकोची जोडवी होती. जन्मभर त्या बंदुकीत बारूद ठासली ती तिनं. हे उडवायचे आणि ती ठासायची. गेल्या उन्हाळ्यात ती गेली, तेव्हा यांनी तिच्या पायातली जोडवी उतरवून घेतली. बायकोच्या अंगावरची चांदी म्हाताऱ्याला सुटत नाही, असं गावानं म्हणून घेतलं. काकांना त्या जोडव्यांचं पान त्या रिकाम्या खाचेत पाहिजे होतं. दसऱ्याला बंदूक पूजेत ठेवायची, तेव्हा बायको त्यात असली पाहिजे. त्यात निवडणुकीची हवा होती. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, म्हणून घाई.

जोडवी हलकी होती. एका पानापुरती चांदी, त्याहून जास्त नाही. मी काकांना विचारणार होते की कोरताना चूक झाली तर काय करायचं, पण अब्बा आधीच म्हणाले, “या भाऊ. होऊन जाईन.” ते गेल्यावर मी विचारलं, कोण करणार आहे? अब्बा म्हणाले, होईल. मी पुन्हा विचारलं. ते टोपी घालून बाहेर गेले. आमच्या घरात भांडण असंच संपतं, एक जण बाहेर जातो आणि दुसरा भांडी आपटतो.

तर त्या दिवशी काका पुतण्याच्या गाडीतून आले, बंदूक गोणपाटात गुंडाळलेली. ठेवून जातो म्हणाले असते तरी आम्ही ठेवून घेतली नसती. परवाना त्यांचा, त्यांनी तिच्याजवळून उठायचं नाही हा कायदा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमच्या मोहल्ल्यात, आमच्या दुकानात, मालकाविना बंदूक सापडली तर लोक काय काय बोलतील आणि कोण कोण येईल, हे मला सांगायला नको. पुतण्या गाडीत बसून राहिला. मी शटर अर्ध्यावर ओढलं.

“खाली हाये, उस्ताद, बारूद नाई. आयका,” काका म्हणाले आणि त्यांनी गज नळीत सोडला. तो तळाला जाऊन टण्ण वाजला. बारूद असती तर आवाज बोदा आला असता. अब्बांनी मान हलवली. मी तरी नळीचं तोंड भिंतीकडे करायला लावलं.

चांदी मी वितळवली. तेवढी कामं अब्बांनी केव्हाच माझ्याकडे सोपवली होती. जोडवी मुशीत टाकताना मी काकांना म्हटलं, “बघवत नसेल तर बाहेर जाऊन बसा.”

“पायतो,” ते म्हणाले. “तिले एकटी काहून सोडू?”

मी जाळ वाढवला. जोडवी आधी लाल झाली, मग त्यांच्या कडा ढासळल्या, मग एक थेंब झाला. काका पापणी न हलवता बघत होते. त्या थेंबाची मी लहानशी पट्टी केली, ठोकून पातळ केली, पानाच्या आकारात कापली, खाचेत बसवून कडा हळूहळू आत दाबल्या. हातोडी चालवताना मला कधी भीती वाटत नाही. हातोडीनं झालेली चूक बहुतेक वेळा हातोडीनं निस्तरता येते. कोरताना निघालेली चांदी परत बसवता येत नाही.

पान बसलं. गुळगुळीत, कोरं, अंगठ्याएवढं. शेजारची जुनी पानं काळवंडलेली, पण त्यांच्या शिरा अजून लखलखत होत्या. प्रत्येक पानाला मधोमध एक लांब वळणदार शीर, देठाशी जाड आणि टोकाला केसासारखी बारीक. ही शीर एका दमात काढायची असते. मधे कलम उचलली की सांधा दिसतो, आणि तो सांधा पुन्हा झाकता येत नाही.

चहा आला. अब्बांनी कपाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून ते बसले होते. काकांनी चहा बशीत ओतून संपवला आणि म्हणाले, “घ्या ना उस्ताद, थंडा होऊन राहिला.” अब्बा म्हणाले, “गरम चालत नाई मले.” आयुष्यभर उकळता चहा प्यायलेला माणूस. मी कप उचलला आणि मोरीत ओतला, जरा जोरातच.

“काका,” मी म्हटलं, “आज पान बसलंय. कोरायचं मागाहून बघू.”

अब्बांनी माझ्याकडे नुसती एक नजर टाकली.

मग त्यांनी काकांना बंदूक फिरवायला शिकवायला घेतलं. कोरताना हात सरळ रेटायचा असतो. वळण येतं ते काम फिरवल्यानं. डबीसारखी लहान वस्तू असली तर वाळूच्या चामडी उशीवर ठेवून आपणच मोकळ्या हातानं फिरवतो. बंदूक एका माणसाला पेलणारी नव्हती. नळी सोडवून फक्त लाकूड द्या, असं मी म्हटलं होतं, पण बापाच्या वेळेपासून नळी कोणी काढलेली नाही, पुन्हा बसली नाही तर काय, म्हणून काका तयार नव्हते. तेव्हा दस्ता उशीवर, नळी काकांच्या मांडीवर, आणि कारागीर कलम रेटेल त्या चालीनं काकांनी नळी फिरवायची.

“श्वास धरायचा नाई. श्वास धरला का माणूस अचानक सोडते, आन मंग हात हालते. हळू घ्या, हळू सोडा,” अब्बा सांगत होते. “आता फिरवा. इकडे. हां, इकडेच.”

मी बघत होते. ते काकांना उलटीकडे फिरवायला शिकवत होते. उजव्या हाताच्या कारागिरापुढे काम ज्या बाजूला वळवतात, त्याच्या नेमकं विरुद्ध. लहानपणापासून मी त्यांच्यापुढे काम वळताना पाहिलंय, चुकायची गोष्टच नव्हती.

“अब्बा, उलटं होतंय.”

“गप बस.”

“अहो पण–”

“तुले म्हटलं ना, गप बस.”

काकांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मला राग होताच, पण आता भीती मोठी झाली होती. हात तर गेलाच होता, आता डोकंही चाललं की काय? समोर एका माणसाच्या बायकोची शेवटची चांदी होती आणि माझा बाप ती सगळ्यांदेखत खराब करायला बसला होता. खराब झाल्यावर काका बोलणार नव्हते, तसे ते होते. बंदूक गोणपाटात गुंडाळून निघून गेले असते. अब्बांना त्यानंतर मी काय तोंड दाखवलं असतं, आणि त्यांनी मला?

अब्बांनी तेलकट कापड उलगडलं. त्यात त्यांच्या कलमा रांगेनं असतात. पाठ माझ्याकडे करून त्यांनी एक घेतली आणि मुठीत धरली. ते उशीजवळ सरकले, चष्मा पुसला, बिस्मिल्ला म्हणाले. मला वाटलं, आता हात धरावा. रीत गेली खड्ड्यात, आता धरलाच पाहिजे. पण गिऱ्हाइकासमोर बापाच्या हातातली कलम काढून घ्यायची म्हणजे त्याला तिथल्या तिथे मारून टाकायचं. माझा हात उठला नाही.

कलमेचं टोक पानाच्या देठाशी टेकलं आणि वाजायला लागलं. टिक टिक टिक. चांदीवर पोलाद वाजत होतं, इतकं बारीक की रस्त्यावरच्या गाड्यांत ऐकू येऊ नये, पण आम्हा तिघांनाही ऐकू आलं. अब्बांनी रेटलं नाही. नुसतं टेकवून धरलं. काका त्या हाताकडे बघत राहिले, मग अब्बांच्या तोंडाकडे, मग पुन्हा हाताकडे. अब्बांनी त्यांना पुरेसं बघू दिलं.

मग त्यांनी कलम उचलली आणि कापडावर ठेवली. बोंड माझ्याकडे करून.

“पायलं ना भाऊ,” ते म्हणाले. “हा हात गेला. पोरगी करन.”

काकांनी नळी स्वतःकडे ओढली. “तुमी म्हणाले होते, होऊन जाईन म्हून.”

“होऊन जाईन असंच म्हटलं. मी करीन असं नाई म्हटलं.”

“पोरगी डब्यावर नावं टाकते ना उस्ताद? मशीननं?” मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी नकळत डावा हात पुढे केला होता. “आन डाव्या हातानं?”

मला वाटलं होतं, अब्बा माझी बाजू घेतील, काही सांगतील, मी पितळेवर काय काय केलंय ते तरी. ते हात मांडीखाली घालून बसून राहिले. काकांनी मलाच विचारलं, “चुकलं तं?”

गोड बोलायची ही वेळ होती. मला ते जमत नाही. “चुकलं तर गेलं,” मी म्हटलं. “दुसरी चांदी नाही. मी चुकणार नाही असं सांगू शकत नाही.”

काकांनी नळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “ती पयल्यांदा बारूद ठासाले बसली ना, तवा मी पार बांधाच्या पलीकडे जाऊन उभा होतो. म्हटलं, ही आता मले बी उडवते आन सोता बी उडते.” ते थोडे हसले. “तिनं मंग जन्मभर हेच काढलं. मोठा मर्द माहा, म्हणे, बांधाआड लपून बसते.” त्यांनी नळी पुन्हा मांडीवर घेतली. “चाल माय. कर.”

मी बसले. कलम उचलली. अब्बांची कलम, आजोबांच्या वेळचं पोलाद, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तळहातात. बोंड त्यांच्या हातानं झिजून गुळगुळीत झालेलं. माझी सवय अशी की बसल्यावर टोक उजेडात धरून बघायचं. मी धरलं आणि बघतच राहिले.

टोक उलट्या अंगाला तिरकं होतं. डावखुऱ्याचं. ताजं घासलेलं, आरशासारखं.

पहाटेचा दगड मला तेव्हा कळला, आणि काकांना शिकवलेली उलटी फिरवणीही. अब्बा ह्या कलमेनं कोरूच शकत नव्हते. चांदीवर त्यांनी ती टेकवली ती फक्त स्वतःचा हात दाखवायला, तोंडानं सांगवत नव्हतं म्हणून. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझाही हात गेला असता.

“फिरवा,” मी म्हटलं.

पहिल्या रेट्याला चांदीचा कुरळा तुकडा कलमेपुढे उठला. माझ्या कानशीच्या कलमा चांदी ओरबाडायच्या. ही आत शिरली आणि चालली, मला फक्त तिच्यामागे जायचं होतं. देठाशी जाड ठेवायचं म्हणून मी कलम कलती केली. काका हळू श्वास घेत होते, हळू सोडत होते, आणि नळी उलटीकडे वळत होती, म्हणजे माझ्यासाठी सुलटी. मानेवरून घाम ओघळून पाठीत गेला. पुसायला हात मोकळा नव्हता. शिरेचा मधला भाग आला, वळण आलं.

आणि शटर वाजलं.

“बाई आहेत का? डब्यावर नाव टाकून पायजे होतं.” कोणीतरी वाकून आत डोकावत होतं. काकांची नळी थबकली. मी कलम जिथं होती तिथं चांदीत रोखून धरली. उचलायची नाही, रेटायची नाही, हलवायची नाही. मनगटात पेटका भरायला लागला. गिऱ्हाईक आणखी वाकलं असतं तर आधी नळी दिसली असती आणि मग गल्लीभर आरडाओरडा झाला असता.

अब्बा उठले. त्या वयात मी त्यांना इतक्या चटकन उठताना पाहिलं नव्हतं. शटरपाशी जाऊन ते मधे उभे राहिले. “मशीन बंद हाये. उद्या ये.”

“मंग आतमंदी बसून काय करून राहिले, चाचा?”

“भांडून राहिलो आमी बापलेक.”

त्या माणसाला हे पटायला क्षणही लागला नाही. “बरं बरं, चालू द्या,” म्हणत तो गेला. पुढे कितीतरी दिवस मला ह्याचा राग यायचा की त्यानं जरासुद्धा शंका घेतली नाही. अब्बांनी शटर पार खाली ओढलं आणि दिवा माझ्याकडे वळवला.

“फिरवा काका,” मी म्हटलं. नळी फिरली. मी रेटलं. पेटका तसाच होता, पण कलम जिथं थांबली होती तिथूनच पुढे गेली. वळण संपलं, रेघ बारीक होत गेली, आणखी बारीक, आणि पानाच्या टोकाला पोचून सुटली. चांदीचा कुरळा तुकडा उशीवर पडला. मी वाकून पाहिलं. सांधा नव्हता.

बाजूच्या लहान शिरांना मग भीती राहिली नाही. त्या मी घाई न करता काढल्या. काका एकदाही चुकले नाहीत. पुसून, तेलाचं बोट फिरवून मी बाजूला झाले. शटर अर्धं वर केलं. काकांनी दस्ता उजेडात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बाकीची पानं चमकून राहिली. हे नाई चमकत.”

मला ठाऊक होतं, असं होणार. डाव्या हातानं पाडलेली रेघ उलट्या अंगाला कलते, म्हणून उजेडही उलट्या अंगाचाच घेते. “दस्ता दुसरीकडे वळवा,” मी सांगितलं. त्यांनी वळवला. सगळी जुनी पानं विझली आणि नवं एकटंच लखलखलं. त्यांनी पुन्हा इकडे केला, पुन्हा तिकडे केला. मी उभी राहून वाट बघत होते. हे नको म्हणाले असते तर माझ्याकडे उपाय नव्हता.

“ती बी अशीच होती,” काका शेवटी म्हणाले. “मी इकडे म्हटलं का तिनं तिकडे म्हणावं.” आणि ते डोळे पुसायला लागले, गोणपाटाच्याच टोकानं. अब्बांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, आता लपवायचं काही नव्हतं. निघताना काकांनी उशीवरचे चांदीचे कुरळे तुकडे वेचून जोडव्यांच्या पुडीत बांधले आणि मला म्हणाले, “हात सांभाळ माय.”

अब्बा दुपारनंतरच्या असरच्या नमाजाला गेले. मी एकटीच दुकान आवरायला लागले. मला इतकं बरं वाटत होतं की चिडायचंही सुचत नव्हतं. वापरलेली कलम पुसून जागेवर ठेवावी म्हणून मी ते तेलकट कापड उलगडलं. त्याला मी कधी हात लावला नव्हता. कलमा रांगेनं होत्या, मोठीपासून बारीकपर्यंत. रिकाम्या जागी माझी ठेवली आणि सहज शेजारची उचलून टोक पाहिलं. तेही उलट्या अंगाचं. तिच्या शेजारची पाहिली. तीही. मी एकेक करत सगळ्या पाहिल्या.

सगळ्या डाव्या केल्या होत्या. आजोबांच्या सुद्धा. त्या दिवशीच्या नव्हत्या, टोकांवरच्या तेलाला धूळ धरली होती. मी बाजारात जायची, अमरावतीला सासरच्यांकडे जायची, तेव्हा केव्हातरी हा माणूस थरथरत्या हातानं दगडावर बसून एकेक कलम स्वतःपासून काढून माझ्यासाठी घासत होता. स्वतःसाठी एकही ठेवली नव्हती. सकाळी मला वाटलं होतं की ते हट्टानं पुन्हा काम करायला निघालेत. त्यांनी तर काम केव्हाच सोडलं होतं, मला न सांगता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

मी सगळ्यांत बारीक कलम उचलली आणि धारेचा दगड पुढे ओढला. डाव्या हातानं उजवी धार लावायची म्हणजे मनगट मोडतं, पण मी लावली. अब्बा परत आले तेव्हा मी घासतच होते.

“काय करून राहिली?”

“एक तुमची असू द्या.”

“मले काय करायची आता?”

“मला काय माहीत. असू द्या.”

त्यांनी ती घेतली. धार तपासायची आमची पद्धत अशी की टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं, घसरलं तर बोथट, चावलं तर बरोबर. त्यांच्या हातात ते टोक नखावर नाचलं आणि नखावर बारीक ओरखडे उठले. पण चावलं. “बरी हाये,” ते म्हणाले, आणि टोकाला बुचाचा तुकडा लावून त्यांनी ती कापडात न ठेवता कुर्त्याच्या खिशात टाकली.

अजून ती तिथंच असते. कुर्ता धुवायला घेताना मी ती काढून ठेवते, आणि धुतलेल्या कुर्त्याच्या खिशात परत घालते.